व्हर्लपूल करताना पंपाचा जोर मध्येच जातो, भोवरा बसत नाही, गाळ सगळीकडे पसरतो: आधी काय तपासायचं

घरी बिअर बनवताना दर बॅचला तेच होत होतं. व्हर्लपूल म्हणजे उकळलेलं वॉर्ट (माल्टचा गोड रस, ज्याची पुढे बिअर होते) केटलमध्ये गोल फिरवून गाळ मधोमध गोळा करणं. उकळी संपली, गॅस बंद केला, पंप चालू केला की पहिलं अर्धं मिनिट वॉर्ट छान गरगर फिरायचं आणि मग पंपातून आत बारीक खडी फिरतेय असा कडकड आवाज यायचा, धार बारीक होत होत बंद. मोटर फिरतेय, पण पंप उचलत काहीच नाही. बंद करा, पाईप हलवा, परत चालू करा, परत मिनिटभर चालतो, परत तेच. आणि शेवटी फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) सोडायला गेलं की केटलच्या तळाला मधोमध गाळाचा ढीग असायला हवा तो नाहीच, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारा घटक) चोथा आणि सगळा ट्रब, म्हणजे उकळीतला गाळ, तळभर पसरलेला.

मी बरेच महिने समजत होतो की पंप कमजोर आहे. मोठा पंप घ्यायचा असं ठरवलंही होतं, पण तेवढ्यात तोच पंप साध्या नळाच्या पाण्यावर चालवून बघितला आणि तो तासभर एकदाही न अडखळता चालला. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गडबड पंपात नाहीये, पंपाच्या आधी आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण हाच त्रास होणारे बहुतेक जण पहिला पैसा पंपावर घालतात आणि मोठा पंप त्याच जुन्या पाईपांवर बसवला की त्रास कमी न होता वाढतो. का वाढतो ते खाली येईलच.

एक गोष्ट आधी वेगळी करून घ्या. पंप उचलत नाही हा एक प्रॉब्लेम आणि गाळ मध्ये गोळा होत नाही हा दुसरा प्रॉब्लेम. दोन्ही एकाच वेळी दिसतात म्हणून आपण एकच समजतो. पण पंप उत्तम चालत असूनही ढीग बसत नाही असं होतं, आणि पंप न वापरता नुसत्या मोठ्या चमच्याने ढवळून सुंदर ढीग बसतो असंही होतं. म्हणून आधी पंपाचं बघू, मग भोवऱ्याचं.

पंपाचं निदान करायला एक बादली आणि मोबाईलवरचं स्टॉपवॉच एवढं पुरतं. केटल गार पाण्याने नेहमीच्या पातळीपर्यंत भरा, सगळे पाईप नेहमीसारखे जोडा, फक्त शेवटचं टोक बादलीत सोडा, पण ते टोक व्हर्लपूलच्या पोर्टच्या (पंपातलं वॉर्ट जिथून परत केटलमध्ये शिरतं त्या तोंडाच्या) उंचीलाच धरा, खाली जमिनीवर सोडलंत तर आकडा फुगवून येईल. १० लिटर भरायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. ४० सेकंद लागले म्हणजे मिनिटाला १५ लिटर. पंपाच्या डब्यावर लिहिलेल्या आकड्याशी तुलना करू नका, तो आकडा शून्य हेडचा असतो, म्हणजे पंपाला काहीही वर चढवायचं नाही आणि पाईपांची अडचण नाही अशा अवस्थेतला. तुमच्या सेटअपमध्ये त्याच्या निम्मं मिळालं तरी त्यात वावगं काही नाही.

आता निष्कर्ष कसा काढायचा ते सांगतो. गार पाण्यावरच धार कमी असेल तर अडचण पाईप, व्हॉल्व्ह, विजेचा सप्लाय किंवा इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक) यात आहे. गार पाण्यावर चांगलं आणि उकळत्या पाण्यावर बंद पडत असेल तर ते कॅव्हिटेशन आहे. आणि उकळतं पाणीसुद्धा नीट जातंय पण वॉर्टलाच अडतंय, तर हॉप्स कुठेतरी अडकतायत. हे तीन प्रयोग एका दुपारी होतात आणि नंतरची निम्मी धडपड वाचते. गरम पाण्याच्या वेळी बादलीत सोडायचा उद्योग करू नका, पाणी परत केटलमध्येच फिरवा आणि नुसता आवाज आणि धार बघा, भाजण्याचा धोका नको.

कॅव्हिटेशन नीट समजून घेण्यासारखं आहे, माझा सगळा त्रास इथेच होता. सेंट्रिफ्यूगल पंप (इंपेलर फिरवून द्रव बाहेर फेकणारा, आपला नेहमीचा) द्रव ओढून घेत नाही, त्याच्या तोंडाशी दाब थोडा कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब द्रवाला आत ढकलतो. गार पाण्याला हवेचा सगळा दाब मदतीला असतो, जवळपास १० मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. पण उकळत्या द्रवात त्याची स्वतःची वाफ हवेच्या दाबाएवढाच जोर लावत असते, उकळणं म्हणजे तेच, त्यामुळे हवेची मदत शून्य. मग शिल्लक काय राहतं, तर केटलमधली पातळी पंपाच्या तोंडापेक्षा जेवढी वर आहे तेवढीच उंची, आणि त्यातूनही पाईप-व्हॉल्व्ह-एल्बोमध्ये जे नुकसान होतं ते वजा. ती शिल्लक संपली की पंपाच्या तोंडाशी वॉर्ट परत उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे होतात, इंपेलरमध्ये जाऊन फुटतात, तो खडीचा आवाज त्यांचाच.

माझ्या सेटअपमध्ये पंप केटलच्या शेजारी त्याच टेबलावर होता, वॉर्टची पातळी पंपाच्या तोंडापासून जेमतेम ३० सेंटीमीटर वर. आणि सक्शनच्या, म्हणजे केटलकडून पंपात येणाऱ्या पाईपला जे निपल लावले होते त्यांचं आतलं भोक ९ मिलिमीटर. बाहेरून अर्ध्या इंचाचा पाईप दिसतो म्हणून मी निवांत होतो, पण पाईप ज्यावर चढतो त्या निपलचं आतलं भोक बारीक असतं, तिथे कोणी बघत नाही. आता मिनिटाला १५ लिटर ९ मिलिमीटरच्या भोकातून न्यायचे म्हटले तर वेग सेकंदाला जवळपास ४ मीटर होतो, आणि नुसता तो वेग आणायलाच साधारण ८० सेंटीमीटरची उंची खर्च होते. माझ्याकडे होती ३०. म्हणजे पंप बंद पडणारच होता, त्याचा काही दोष नव्हता. तेच १५ लिटर १३ मिलिमीटरमधून नेले तर वेग १.९ मीटरच्या आत आणि खर्च फक्त १८ सेंटीमीटर. भोकात ४ मिलिमीटरचा फरक, आणि खर्च चौपटीहून जास्त कमी. मोठा पंप लावला की त्रास वाढतो तो यामुळेच, तो जास्त ओढायला बघतो, वेग वाढतो आणि हा खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो.

यावर फुकटातला उपाय म्हणजे डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करणं. प्रवाह निम्मा केला की तो खर्च चौथ्या हिश्श्यावर येतो, ८० चा २० होतो, आणि पंप शांतपणे चालतो. अजब वाटतं पण व्हॉल्व्ह बंद केल्यावर धार वाढल्याचं मी स्वतः पाहिलंय, कारण आधी पंप निम्मा वेळ वाफच घुसळत होता. मात्र हे कायम डिलिव्हरीच्या बाजूलाच करायचं. सक्शनचा व्हॉल्व्ह नेहमी पूर्ण उघडा. सक्शन बंद करून प्रवाह कमी करणं म्हणजे ज्या ठिकाणी आधीच तंगी आहे तिथेच अजून आवळणं. सेंट्रिफ्यूगल पंपाला डिलिव्हरी आवळलेली चालते, उलट मोटरवरचा भार कमी होतो. थोडा वेळ पूर्ण बंद झाली तरी चालतं, फक्त तसाच विसरून जाऊ नका, आतलं द्रव तापत राहतं. हे सगळं सेंट्रिफ्यूगलपुरतं आहे, डायफ्रॅमचा पंप असेल तर त्याची डिलिव्हरी कधीही बंद करायची नाही.

दुसरा उपाय आहे थांबणं. गॅस बंद केल्या केल्या पंप चालू करू नका. समुद्रसपाटीच्या हिशोबाने ९५ अंशाला वाफेचा दाब इतका उतरतो की पंपाला पावणेदोन मीटर उंचीएवढी जास्तीची मदत मिळते, ९० अंशाला तर ३ मीटरच्या वर. म्हणजे दहा अंश उतरू दिले तर पंप एक मजला खाली नेऊन ठेवल्यासारखं आहे, बाकी काही न बदलता. उंचावर राहणाऱ्यांनी मात्र १०० वरून मोजू नये, तुमच्याकडे ज्या तापमानाला उकळी येते तिथून खाली मोजा. पंप आणि पाईप निर्जंतुक व्हावेत म्हणून काही जण शेवटची १० मिनिटं उकळतं वॉर्ट पंपातून फिरवतात, ते बरोबर आहे, करायलाच हवं, पण ते डिलिव्हरी चांगली आवळून अगदी हळू फिरवायचं, तिथे जोर दाखवायची गरज नाही.

तिसरा उपाय, आणि कायमचा, पंप खाली नेणं. मी केटलच्या स्टँडलाच खाली फळी मारून पंप अंदाजे ६० सेंटीमीटर खाली नेला, सक्शनचा पाईप जमेल तेवढा आखूड आणि सरळ केला, निपल बदलून १३ मिलिमीटरचे घेतले आणि केटलचा बॉल व्हॉल्व्ह फुल पोर्टचा आहे का ते बघितलं. हे जरूर तपासा, बरेच स्वस्त बॉल व्हॉल्व्ह बाहेरून अर्धा इंच असतात पण गोळ्यातलं भोक बारीक असतं, व्हॉल्व्ह उघडून आरपार बघितलं की लगेच कळतं. पटकन जोडायच्या-सोडायच्या कनेक्टरचंही तेच, त्यातले काही आतून फारच अरुंद असतात, कॅमलॉक (बाजूच्या दांड्या दाबून बसणारे कनेक्टर) त्या मानाने मोकळे. सिलिकॉनचा पाईप तापला की मऊ पडतो आणि सक्शनला आतल्या आत चपटा होतो, वाकवला असेल तर घडी पडते, म्हणून सक्शनला जाड भिंतीचाच पाईप वापरा.

आता हवेचं. हे पंप स्वतःहून भरून घेणारे नसतात, डोक्यात हवा राहिली की इंपेलर हवेतच फिरतो. पंपाचं डोकं असं फिरवून बसवा की सक्शन खाली किंवा बाजूला आणि डिलिव्हरीचं तोंड वर येईल, म्हणजे हवा आपोआप वर निघून जाते. डोक्याचे चार स्क्रू काढून ते हव्या दिशेला फिरवून परत बसवता येतं, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि आयुष्यभर पंप आडवा चालवतात. पाईप कुठेही वर जाऊन परत खाली येतोय अशी कमान ठेवू नका, हवा तिथेच अडकून बसते. पंप चालू करण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह उघडून वॉर्ट आपल्या वजनाने डिलिव्हरीच्या पाईपमध्ये चढू द्या, मग डिलिव्हरी बंद करा, पंप चालू करा आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. झटक्यात उघडायचा नाही. पंपाने तरी हवा धरलीच तर बंद करून १० सेकंद थांबा, बुडबुडे वर जातात, परत सुरू करा. चालू-बंद-चालू असं दोनतीनदा केलं की बहुतेक वेळा सुटतं. डिलिव्हरीला पंपाच्या अगदी वरच टी लावून एक छोटी तोटी बसवली तर हवा सोडणं फारच सोपं होतं, माझ्या मते आख्ख्या सेटअपमधली सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू तीच.

एक लिकेज असं असतं जे दिसतच नाही. डिलिव्हरीच्या बाजूला गळती असेल तर थेंब पडतो, आपण बघतो, आवळतो. सक्शनच्या बाजूला मात्र पंप चालू असताना थेंब बाहेर पडायच्या ऐवजी हवा आत शिरू शकते, बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत आणि आत पारदर्शक पाईपमध्ये मोत्यासारखे बुडबुडे सरकत असतात. पंप खडीसारखा कडकडत नाहीये, नुसता घुरघुरतोय आणि व्हर्लपूलच्या तोंडातून फेस येतोय, असं असेल तर हे तपासा. आट्यांवर टेफ्लॉन टेप नवी गुंडाळा, कॅमलॉकचा वायसर तडकलाय का बघा, पाईपवरची क्लॅम्प आवळा. शोधायचा सोपा मार्ग म्हणजे पंप चालू ठेवून एकेका जोडावर थोडं थोडं पाणी ओतायचं, ज्या जोडावर ओतल्यावर बुडबुडे क्षणभर थांबतात तो जोड दोषी. पाणी मोटरवर उडू देऊ नका, आणि सगळं एका अर्थ लिकेज ब्रेकरवर असलंच पाहिजे, पाणी आणि वीज इतकी जवळ असताना त्यात तडजोड करू नये असं मला मनापासून वाटतं.

हॉप्स अडकण्याबद्दल. पेलेट हॉप्स (दळून गोळ्या केलेले) वापरत असाल तर पिकअप ट्यूबला (केटलमधून वॉर्ट उचलणाऱ्या नळीला) जाळी लावू नका. जाळी सुरक्षित वाटते पण पेलेटचा चोथा जाळीवर लगद्यासारखा बसतो आणि पाच मिनिटांत ती बंद. उघडी ट्यूब ठेवली तर पेलेटचा बारीक चोथा पंपातून आरामात निघून जातो, इंपेलरला त्याचं काही वाटत नाही. पानांचे हॉप्स असतील तर गोष्ट उलटी, तिथे जाळी किंवा फॉल्स बॉटम (भोकं असलेला वरचा तळ) हवाच, नाहीतर अख्खं पान इंपेलरमध्ये जाऊन बसतं. मॅग्नेट ड्राइव्हच्या पंपात (मोटर इंपेलरला चुंबकाने फिरवते तो) इंपेलर अडकला तर मोटर फिरत राहते आणि मॅग्नेट सुटतं, म्हणजे आवाज नेहमीचा पण धार शून्य. तेव्हा पंप बंद करा, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, डोकं उघडा, साफ करा. कोरडा मात्र चालवू नका, आतल्या बुशला वंगण म्हणून ते द्रवच असतं.

पिकअप ट्यूबचं तोंड केटलच्या मधोमध नको, भिंतीजवळ हवं. मध्ये ठेवलं तर दोन्ही बाजूंनी तोटा, भोवऱ्याच्या डोळ्यातून हवा ओढली जाते आणि नंतर गाळाचा ढीगही नेमका त्या तोंडावरच बसतो. मी ट्यूब थोडी वळवून तिचं तोंड प्रवाहाच्या दिशेला केलंय, म्हणजे फिरणारं वॉर्ट तिच्या पाठीवर आपटतं आणि चोथा सरळ तोंडात शिरत नाही.

डीसी पंपवाल्यांनी एक जास्तीचं बघा. २४ व्होल्टचा पंप १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, पण मरतुकडा. वेग निम्मा झाला की पंप जेवढ्या उंचीवर ढकलू शकतो ती उंची निम्मी नाही, चौथ्या हिश्श्याची होते. अडॅप्टर पुरेसे अँपिअर देतोय का आणि वायर फार बारीक आणि लांब तर नाही ना, हेही मीटर लावून पंप चालू असतानाच मोजा, बंद असताना व्होल्टेज नेहमी बरोबरच दिसतं. एसी मोटरच्या पंपाला दिव्याचा डिमर लावून वेग कमी करू नका, मोटर तापते, व्हॉल्व्ह आहे त्याचाच वापर करा.

आता भोवऱ्याकडे.

लोकांना वाटतं की फिरल्यामुळे गाळ बाहेर फेकला जायला हवा, मग तो मध्ये कसा येतो? चहाच्या कपात ढवळल्यावर पत्ती मध्ये गोळा होते तेच हे, आणि त्याचं स्पष्टीकरण आइनस्टाइनने १९२६ साली दिलं होतं. द्रव फिरतं तेव्हा कडेला दाब जास्त आणि मध्ये कमी असतो. वरच्या थरात वेग पुरेसा असल्यामुळे द्रव त्या दाबाला तोलून धरतं, पण तळाला घासून फिरणारा थर हळू होतो, त्याचा बाहेर जायचा जोर कमी पडतो आणि कडेचा दाब त्याला मध्ये ढकलतो, सोबत गाळही. म्हणजे गाळ गोळा करणारी शक्ती तळाच्या त्या घर्षणातून येते, आणि ती सगळ्यात स्वच्छपणे काम करते ती पंप बंद झाल्यावर, वॉर्ट आपोआप मंदावत असताना. कॅनडातल्या मोल्सन ब्रुअरीत १९६० मध्ये हीच गोष्ट वापरून व्हर्लपूलचं भांडं आलं आणि नंतर ते सगळीकडे पसरलं.

ही गोष्ट कळल्यावर माझी सवय बदलली. मी आधी अर्धा तास पंप फिरवत बसायचो आणि बंद केला की लगेच फर्मेंटरकडे सोडायचो, कारण वाटायचं की फिरवणं हेच काम आहे. फिरवणं फक्त तयारी आहे, काम थांबल्यानंतर होतं. ढीग बसवण्यासाठी सगळं वॉर्ट एका वेगात फिरायला लागेपर्यंत पंप चालवा, माझ्या २५ लिटरला पाचएक मिनिटं पुरतात, मग पंप बंद, झाकण ठेवा आणि १५ ते २० मिनिटं केटलला हात लावू नका. व्हर्लपूलमध्ये हॉप्स टाकून वासासाठी ८० अंशाच्या आसपास जास्त वेळ फिरवायचं असेल तर तो वेगळा कार्यक्रम, तो संपल्यावर परत हे स्वच्छ थांबणं करायचंच. ८० अंशाला कडवटपणा उकळीच्या मानाने फार हळू उतरतो म्हणून तेवढा वेळ देता येतो.

पोर्टची दिशा. धार भिंतीला चिकटून, भिंतीच्या रेषेत जायला हवी, मध्याकडे तोंड असेल तर नुसती ढवळाढवळ होते, फिरत काहीच नाही. पोर्ट वॉर्टच्या पातळीच्या खाली हवा, तळापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, वरून धार पडली तर फेस होतो आणि जोर वाया जातो. तळाला अगदी लागून असेल तर बसत आलेला गाळच उडतो. घड्याळाच्या दिशेने की उलट, याने काहीही फरक पडत नाही, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एवढ्याशा भांड्यात नगण्य असतो, फक्त पिकअपचं तोंड त्याप्रमाणे वळवून घ्या.

पोर्टचं तोंड किती मोठं ठेवायचं यावर मी बराच वेळ घालवलाय आणि मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. वॉर्टला फिरवणारा जोर म्हणजे प्रवाह गुणिले वेग. तोंड लहान केलं की वेग वाढतो पण प्रवाह घटतो, त्यामुळे मधे कुठेतरी एक माप सगळ्यात चांगलं ठरतं. माझ्याकडे गार पाण्यावर १३ मिलिमीटरच्या उघड्या तोंडातून मिनिटाला १५ लिटर येत होतं, वेग सेकंदाला १.९ मीटर. तोंडाला ९ मिलिमीटरचा तुकडा लावला तर ११ लिटर झालं, पण वेग २.९ मीटर, गुणाकार केला तर जोर साधारण १२ टक्क्यांनी वाढला. मग हौसेने ६ मिलिमीटर लावून बघितलं, प्रवाह साडेपाच लिटरवर आला, वेग ३.२ मीटरच, आणि जोर जवळपास निम्म्यावर पडला. तुमच्या पंपाला वेगळं माप लागेल, पण शोधायची पद्धत हीच, बादली आणि स्टॉपवॉच. आणि यात एक जास्तीचा फायदा असा की ९ मिलिमीटरचं तोंड डिलिव्हरीला असल्यामुळे प्रवाह आपोआप आवळला जातो आणि सक्शनला श्वास मिळतो. जे अरुंद निपल सक्शनला शत्रू होते तेच मी या टोकाला वापरले. फार जास्त वेगाच्या मागेही लागू नका, उकळीत तयार झालेले गाळाचे मोठे तुकडे जोराच्या धारेत फुटून बारीक होतात आणि बारीक गाळ खाली बसत नाही. उकळीच्या शेवटच्या १०-१५ मिनिटांत आयरिश मॉस (एक वाळवलेलं समुद्री शेवाळ) टाकलं तर हे तुकडे मोठे आणि घट्ट होतात, ढीग टिकायला त्याची चांगली मदत होते.

केटलमध्ये जे काही उभं आहे ते भोवऱ्याला अडवतं. वॉर्ट गार करायची नळीची कॉईल सगळ्यात जास्त. कॉईल आत असताना पंप फिरवला तर वॉर्ट लवकर गार होतं, कारण कॉईलवरून ते सतत सरकत राहतं, त्यासाठी नक्की फिरवा, पण त्याच वेळी ढीगही बसेल ही अपेक्षा ठेवू नका. गार झाल्यावर कॉईल बाहेर काढा, परत पाच मिनिटं फिरवा किंवा निर्जंतुक चमच्याने मिनिटभर एकाच दिशेने जोरात ढवळा, मग थांबा. आत इलेक्ट्रिकचं एलिमेंट असेल तर ते काढता येत नाही, त्यांचा ढीग थोडा बसका आणि एका बाजूला सरकलेला येतो, चालतं, फक्त थांबण्याच्या वेळात एलिमेंट पूर्ण बंद ठेवा, तापमान राखायला म्हणून मध्येच चालू झालं की खालून गरम प्रवाह वर उठतो आणि सगळं मुसळ केरात. प्लेट चिलर (पातळ पत्र्यांच्या फटींतून वॉर्ट गार करणारं साधन) वापरणाऱ्यांनी तर ढीग बसल्याशिवाय त्यात वॉर्ट सोडूच नये, त्या बारीक फटींत हॉप्स गेले की साफ करणं फार जिवावर येतं.

सोडतानाही घाई नको. सुरुवातीला व्हॉल्व्ह अर्धा, आणि पातळी उतरून ढिगाचा माथा दिसायला लागला की अगदी बारीक धार. त्या क्षणी ढिगाला आधार देणारं वॉर्ट निघून जात असतं आणि जोरात ओढलं तर तो घसरून पिकअपकडे येतो. शेवटचा लिटर-दीड लिटर मी सोडून देतो, पाककृती करतानाच तेवढं जास्त धरतो, त्यासाठी जीव टाकून आख्ख्या फर्मेंटरमध्ये गाळ घ्यायचा नाही.

मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं माल्टचं धान्य) फिरवताना प्रवाह मध्येच कमी होतो असं ज्यांचं आहे त्यांनी यातलं पंप खाली नेण्याचं वगैरे जरूर करावं, पण तिथे बहुतेक वेळा कारण वेगळं असतं, पंप जास्त जोरात ओढतो आणि धान्याचा थर दाबून घट्ट करतो. तिथे उपाय एकच, डिलिव्हरी आवळा, हळू फिरवा, आणि दळण फार बारीक झालंय का बघा.

काम झाल्यावर लगेच पंपातून गरम पाणी, मग परकार्बोनेटच्या क्लीनरचं पाणी, मग साधं पाणी फिरवून घ्या, आणि चारपाच बॅचनंतर डोकं उघडून ओ-रिंग आणि इंपेलरच्या मागची बाजू बघा, वाळलेला राळेसारखा थर तिथे बसतो आणि धार हळूहळू कमी होत जाते, इतकी हळू की लक्षात येत नाही. म्हणूनच तो पहिल्या दिवशीचा बादलीचा आकडा पंपावरच मार्करने लिहून ठेवा. माझ्या पंपावर ४० सेकंद लिहिलंय. ५० च्या वर गेलं की स्क्रू ड्रायव्हर काढायचा.